नाहीतर आणि नाही, तर

मी उभ्या आयुष्यात एकच नोकरी केली, ती हसायची. माझ्या भाचरांना हे खोटं वाटतं, म्हणून लिहून ठेवते. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यामुळं जड शब्द येणार नाहीत. आलेच तर ते मड्डमचे समजावेत.

आमचं गाव निपाणीपासून चालत तासाभरावर. इंग्रजांचं राज्य होतं आणि दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. मला सदलग्यात दिलेलं. नवरा वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. तो झोपलेला असायचा. त्या साली सदलग्यात वैरण कमी पडली, म्हणून मामंजींनी घरची गाभण म्हैस माझ्या वडिलांकडं ठेवायची ठरवली. ती म्हैस माझ्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नव्हती. लावला की लाथ. म्हणून तिच्याबरोबर मलाही पाठवलं. गावातल्या बायका विचारायच्या, "माहेरपणाला आलीस व्हय गं?" मी सांगायची, "न्हाय, म्हशीची सोबतीण म्हणून आलीय."

माहेरी वडील, भाऊ आणि वहिनी. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. भाऊ निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होता, तो अंधार पडल्यावर यायचा आणि शिंकायचा. एवढंच त्याचं काम या हकिकतीत.

वहिनीनं मला दुसऱ्याच आठवड्यात कामाला लावलं. निपाणीत मिशनची एक गोरी मड्डम राहत होती. तिच्या बंगल्यावर पाणी तापवायला शेणी, म्हणजे गोवऱ्या, लागत. शेणींची बुट्टी डोक्यावर घेऊन मी तिथं गेले, तर ओसरीवर पाचसहा बायका बसलेल्या. मड्डम त्यांना आधी ख्रिस्ती धर्माच्या जुन्या पुस्तकातली गोष्ट सांगायची आणि मग लोकरीचं विणकाम शिकवायची. काही बायका जन्मानं ख्रिस्ती होत्या, त्या गोष्टीसाठी यायच्या. बाकीच्या विणकामासाठी यायच्या आणि गोष्ट सोसायच्या.

मड्डमचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. व्याकरणात चूक नाही, पण ऐकताना दिवाणी दाव्याचा निकाल वाचल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी गोष्ट दोन भावांची चालली होती. धाकटा आपली वाटणी घेऊन परमुलखात जातो, सगळं उधळतो, तिकडं दुष्काळ पडतो आणि त्याला डुकरं राखायची पाळी येते. मड्डम अगदी दुःखी चेहरा करून म्हणाली, "त्याची अवस्था इतकी शोचनीय झाली की डुकरांपुढील शेंगा आपणास मिळाव्यात असे त्यास वाटू लागले."

मी बुट्टीसकट हसले. दोन शेणी खाली पडल्या.

"आपण का हसता?" मड्डम म्हणाली.

"डुकरांना शेंगा घालत्यात? आमच्यात माणसाला घालताना मूठ आवळत्यात."

आमच्याकडं शेंगा म्हणजे भुईमुगाच्या. दुसरी शेंग असेल तर तिचं नाव सांगावं लागतं. नुसतं शेंगा म्हटलं की भाजलेल्या, गुळासंगट, समोर ताटात दिसतात. बाकीच्या बायकाही इतके दिवस तेच समजून गप्प बसल्या होत्या. त्यांच्यात चिकोडीकडची एक जैन आक्का होती, कानडी घरातली, जाडजूड आणि शांत. ती सुया थांबवून म्हणाली, "अय्यो, मी पण तेच म्हणत होते! डुकरं शेंगा खात्यात, असलं श्रीमंत गाव. हे पोरगं रडतंय कशाला? तिकडं एखादी मुलगी द्यावी."

मग सगळ्याच हसल्या. मड्डम हसली नाही. तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. मग म्हणाली, त्या मुलखात एक झाड असतं, त्याला लांब चपट्या कडक शेंगा येतात, त्या जनावरांना घालतात आणि अगदी गरीब माणसं खातात.

"मग बाभळीच्या म्हणा की," मी म्हटलं. "शेरडं खात्यात त्या. म्हंजी खरंच हाल झालं त्याचं."

मड्डमनं तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला कामावर ठेवलं. खेड्यातल्या बायकांसाठी त्या जुन्या गोष्टींचा अर्थ सांगणारं पुस्तक ती लिहीत होती. माझं काम असं: तिच्यासमोर बसायचं, ती वाचेल ते ऐकायचं आणि जिथं खेड्यातली बाई हसेल तिथं हसायचं. शेणी वाहण्यापेक्षा बरं होतं.

मड्डमची शिकवायची एक तऱ्हा होती. कोणतंही वाक्य आलं की ती विचारायची: हे कोण म्हणाले? कोणास म्हणाले? कधी म्हणाले? त्याच्या आधी काय घडले? मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे आमच्या शाळेतलं हाय. परीक्षेत पाच गुणांना येतंय." तिला वाटत होतं की ही विद्या तिच्या देशातल्या मोठ्या पंडितांनी काढली. मी तिला आमचे मास्तर सांगितले. ते पेंगत पेंगत हाच प्रश्न विचारायचे.

पण खरं सांगायचं तर मास्तरांनी त्यातून काही काढलं नव्हतं, मड्डम काढायची. त्या दोन भावांच्या गोष्टीत आम्ही सगळ्या थोरल्याच्या बाजूनं होतो. धाकटा उधळून आला, बापानं मेजवानी केली, आणि इतकी वर्षं शेतात राबणारा थोरला बाहेर उभा. त्याला कोणी बोलवायलाही गेलं नव्हतं, आत मेजवानी चाललीय हे त्याला गडी सांगतो. मी म्हटलं, हा अन्याय आहे. मड्डम म्हणाली, "ही गोष्ट कोणास सांगितली?" मागचं पान उलटून दाखवलं. ख्रिस्त वाईट चालीच्या लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून काही भली माणसं कुरकुरत होती, त्यांना सांगितली. म्हणजे ऐकणारेच थोरले भाऊ. आणि बापानं बाहेर येऊन समजूत घातल्यावर तो आत गेला की नाही ते गोष्टीत सांगितलेलंच नाही. ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. हे मला पटलं. सांगणारा हुशार होता.

जैन आक्काला मात्र दुसरंच लागलं होतं. "मेजवानीला वासरू कापलं म्हणता. त्या वासरानं काय केलंतं?" मड्डमनं तिला त्या काळच्या चालीरीती सांगितल्या. आक्का ऐकून घेऊन म्हणाली, "असंल. पण बासुंदी केली असती तर पोरगं काय परत गेलं असतं?" आणि तीन दिवस आली नाही. मड्डमनं वहीत लिहिलं: वासरू, दुःख. आक्का चौथ्या दिवशी आली, कारण तिच्या स्वेटरची एक बाही राहिली होती.

एकदा मड्डमनं एक फोटो दाखवला. त्या पुस्तकाची फार जुनी हस्तलिखित प्रत, ग्रीक भाषेतली. अक्षराला अक्षर चिकटलेलं. शब्द कुठं संपतो, वाक्य कुठं संपतं, काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, "ही तर मोडी!" आमच्याकडं तेव्हा जुने लोक पत्रं मोडीतच लिहायचे. एका दमात, हात न उचलता, पूर्णविराम वगैरे लाड नाहीत. मड्डमला इतका आनंद झाला की तिनं मला चहा दिला. मग सांगितलं, अशा ठिकाणी पंडित अडतात तेव्हा काय करतात: तोच लिहिणारा तोच शब्द दुसरीकडं कसा वापरतो ते शोधतात. मी चहा प्याले. कामाला येईल असं काही वाटलं नाही.

दसरा झाला आणि सदलग्याहून पत्र आलं.

म्हैस व्याली होती, रेडकू चांगलं होतं, तसं आप्पांनी कळवलं होतं. त्याचं हे उत्तर. मामंजींना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि चावडीतला एक म्हातारा कारकून मोडीत लिहून द्यायचा. आप्पा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागले. "म्हैस व्याली हे ऐकोन समाधान. सूनबाईस आशीर्वाद. दिवाळीस नेणार." इथं ते थांबले, खाकरले आणि पुढं म्हणाले, "नाहीतर तिकडेच ठेवून घ्यावी."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "झालं. दिवाळीला न्यायला येत्यात. तयारी करून पाठवा, न्हायतर कायमची ठेवून घ्या म्हणत्यात."

मड्डमचं पुस्तक निम्म्यावर आलेलं. सदलग्याला गेले की ते संपलं. तिथं मला उजाडायच्या आधी उठून नवऱ्याला उठवायचं काम होतं आणि ते कधी पुरं होत नसे. मला जायचं नव्हतं. हे मी कोणाला बोलले नाही, कारण त्या काळी ते बोलायचं नसतं. पण पत्र मी हातात घेतलं.

"आप्पा, नेणारच्या म्होरं का थांबलासा?"

"खोकला आला."

"हितं काय रेघ हाय? टिंब हाय?"

"मोडीत टिंब असतंय व्हय गं?"

"मग खोकला नसता आला तर? 'नेणार नाही. तर तिकडेच ठेवून घ्यावी.' असं बी होतंय की."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पत्र जवळ धरलं, लांब धरलं. खोकला न येऊ देता एकदा वाचलं. मग म्हणाले, "आयला."

वहिनी म्हणाली, "ऐकू नका हिचं. मड्डमनं बिघडवलीय. सरळ निरोपाला फाटे फोडायला शिकवलंय."

"वहिनी, कोण म्हणालं? मामंजी. कोणास म्हणालं? कारकुनास. आपण त्या कारकुनाचं वाचतोय. त्यो 'नाहीतर' कसं लिहितोय ते बघूया."

आमच्याकडं आलेली पत्रं माळवदाच्या तुळईला तारेत ओवलेली असायची. मी घडवंचीवर चढून तार काढली. मोडी मला थोडी यायची, अडेल तिथं आप्पा. सदलग्याची सात पत्रं निघाली, सगळी त्याच हातची. गूळ पाठवावा नपेक्षा आम्हीच येतो. बैल बाजारात आणावा नपेक्षा निरोप द्यावा. जावयास जोडा घ्यावा नपेक्षा अनवाणी येतील. म्हाताऱ्याला जिथं 'नाहीतर' म्हणायचं तिथं तो दर वेळी 'नपेक्षा' म्हणत होता. जुना माणूस. नाहीतर हा शब्द त्याच्या दौतीतच नव्हता.

"म्हंजी हितं 'नाहीतर' न्हाय," मी म्हटलं. "हितं 'नाही', आणि मग 'तर'."

आप्पांनी सातही पत्रं परत एकदा चाळली. नंतर म्हणाले, "त्या जोड्याचं मी इसरलोच हुतो."

पण ते काही सरळ कबूल करणारे नव्हते. त्यांनी निकाल दिला: दिवाळीपर्यंत थांबायचं. सदलग्याची गाडी आली तर मी मुकाट्यानं गाडीत बसायचं. नाही आली तर माझं वाचन खरं, आणि मी मड्डमकडं खुशाल हसत बसावं.

मी दुसऱ्या दिवशी सगळं मड्डमला सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. तिनं वाक्य वहीत उतरवून घेतलं, पेन्सिल ओठाला लावून बसली आणि विचारलं, "बाई, ठेवून घ्यावी ती कोण?"

"म्हंजी?"

"वाक्यात कर्म नाही. आधी म्हैस आहे. मग सूनबाई आहे. दोन्ही स्त्रीलिंगी."

मी घरी येईपर्यंत रस्ताभर त्यावर विचार केला. गोठ्यात गेले आणि म्हशीकडं बघितलं. म्हशीनं माझ्याकडं बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. मी मड्डमला विचारलेलं, अशा वेळी तुमचे पंडित काय करतात? ती म्हणाली, "दोन्ही अर्थ देऊन खाली टीप लिहितात." टीप लिहून माझं काय होणार होतं? मला गाडी येणार की नाही ते पाहिजे होतं.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी आली.

मी धार काढत होते. वेशीकडून घुंगरं वाजली आणि वहिनी पळत आली. "आली! आली! बांध गठूडं. नपेक्षा म्हणं, नपेक्षा!" मी धार पुरी काढली. अर्धवट सोडली की म्हैस रागावते.

गाडीत नवरा होता. एकटाच. बैलांना रस्ता ठाऊक होता म्हणून तो पोचला. आप्पांनी त्याला पाय धुवायला पाणी दिलं, फराळाचं ताट पुढं ठेवलं. दोन करंज्या झाल्यावर आप्पा म्हणाले, "न्यायला आलासा नव्हं?"

"व्हय."

वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की बघण्याचे कोणी पैसे दिले असावेत. मी चौकटीआड उभी होते. नवऱ्यापुढं, वडिलांसमोर बोलायची रीत नव्हती. पण माझ्या डोळ्यांसमोर मड्डमचं निम्मं राहिलेलं पुस्तक होतं, आणि मी म्हटलं, "त्यास्नी इचारा, पत्रात ठेवून घ्यावी म्हटलंय ती कोण? मी का म्हैस?"

नवऱ्यानं चकली खाली ठेवली. प्रश्न अवघड होता. त्यानं छपराकडं बघितलं. मग म्हणाला, "दोघी की."

"दोघींना ठेवून घ्या म्हटलं?" आप्पा म्हणाले. "मग गाडी कशाला आणलीसा?"

"ते पत्र तवाचं. तवा वैरण नव्हती. आता कडबा आलाय."

"म्हंजी पत्रात नेणार न्हाय असंच हुतं?"

"व्हय. कारकुनानं वाचून दाखवलं की. मी जागा हुतो."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी चौकटीच्या खिळ्याकडं बघितलं. माझं वाचन अक्षरशः खरं निघालं होतं आणि गाडी तरी दारात उभी होती. मड्डमनं मला हे कधी शिकवलं नव्हतं, की बरोबर वाचूनही माणूस गाडीत बसू शकतो.

मग आप्पांनी एक प्रश्न विचारला. मी समजते, तो त्यांनी मुद्दाम विचारला. आयुष्यभर ते नाही म्हणत राहिले. "आज निघताना व्याही काय म्हणालं? नेमकं शब्द सांगा."

नवरा म्हणाला, "म्हणालं, जा आणि घेऊन ये."

"कोणाला?"

नवऱ्यानं घाम पुसला. पहाटेची वेळ, मामंजी अंथरुणाशी येऊन सांगून गेलेले, ह्याचा एक डोळा उघडा. कर्म ऐकायचं राहिलं होतं.

"कशाबद्दल बोलणं चाललंतं त्याच्या आधी?" आप्पा म्हणाले. इतकं छान मड्डमनंसुद्धा विचारलं नसतं.

"कडब्याबद्दल."

"कडबा कोण खातंय?"

नवऱ्याचा चेहरा उजळला. इतका उजळलेला मी लग्नातही बघितला नव्हता. "म्हैस!" तो म्हणाला.

म्हैस गाडीच्या मागं बांधली. रेडकू चालणार नव्हतं, ते गाडीत माझ्या जागेवर बसलं. नवऱ्यानं जाताना मला एवढंच विचारलं, "धार काढताना तू तिला काय म्हणतीस?" मी म्हटलं, "काय न्हाय. तिला बोललेलं आवडत न्हाय." गाडी गेल्यावर वहिनी पदर डोळ्याला लावून रडली. मला वाटलं माझ्यासाठी. दूध गेलं म्हणून रडत होती.

मी मड्डमकडं जाऊन सांगितलं. कडबा कोण खातंय इथपर्यंत आले आणि मड्डम हसायला लागली. ती हसताना मी पहिल्यांदा बघितली. खुर्चीवरून उठली, भिंतीला हात लावला, चष्मा पडला. मी आपली वाट बघत बसले. नोकरी माझी होती, पण तिचं संपेना.

आठ दिवसांनी म्हैस परत आली. तिनं सदलग्यात सासूला लाथ मारली होती, मामंजींना मारली होती, नवऱ्याला झोपेत मारली होती. सोबत पत्र होतं, त्याच कारकुनाच्या हातचं. "म्हैस दूध देत नाही सबब परत पाठविली आहे. सूनबाईने म्हशीसह यावे नपेक्षा आपला निर्णय कळवावा." या खेपेला वाचायला कोणाला त्रास झाला नाही. आप्पांनी पत्र मला दिलं आणि म्हणाले, "तुझं तूच लिव."

मी मड्डमकडून एक कार्ड मागून आणलं आणि मोडीत नव्हे, बाळबोधीत लिहिलं, शब्द सुटे सुटे, मध्ये बोटभर जागा सोडून. "म्हैस पोचली. तिला पान्हा फुटला. मड्डमचं पुस्तक अजून निम्मं राहिलं आहे. मी येणार नाही." आणि नाहीच्या पुढं टाक दाबून असा पूर्णविराम दिला की कार्डाच्या पाठीवर भोक पडलं. मागनं कोणाला 'तर' घालायचं म्हटलं तरी जागा राहिली नव्हती.